रंगाच्या पहिल्या हातापासून सरळ उडण्यापर्यंत: कंट्रोल लाइन स्टंट विमानाचं फिनिशिंग आणि ट्रिमिंग

एकाच आराखड्यावरून मी दोन कंट्रोल लाइन विमानं, म्हणजे तारांना जोडून हातातल्या हँडलने उडवायची मॉडेल विमानं, बांधली. दोन्हींचे पंख ५० इंची, इंजिन तेच ३५ नंबरचं (०.३५ घन इंचाचं), बाल्साचं हलकं लाकूडही एकाच पेटीतलं. पहिलं रंगवून तयार झालं तेव्हा भरलं १४८० ग्रॅम, दुसरं ११९०. पहिलं दिसायला देखणं होतं, बोट फिरवलं तर काच वाटावी असं. पण लूपच्या तळाशी आलं की ते जमिनीकडे ओढलं जायचं, चौकोनी वळणात शेपूट लोंबायची आणि डोक्यावर आलं की तारा सैल पडायच्या. दुसऱ्यावर जवळून पाहिलं तर ब्रशचे फटकारे दिसतात, पण ते हाताचं ऐकतं. तीनशे ग्रॅमच्या आसपास फरक. त्यातला बराचसा लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि रंगाचा, आणि उरलेला शेपटीकडे साचलेल्या त्या रंगाला तोलण्यासाठी नाकात कोंबलेल्या शिशाचा.

म्हणून अमळनेरला माझ्याकडे कुणी नवीन शिकायला आलं की मी आधी हेच सांगते: ट्रिमिंग, म्हणजे विमान नीट उडेपर्यंत त्याचा तोल बसवणं, मैदानावर सुरू होत नाही, पॉलिश पेपर हातात घेतला तिथेच सुरू होतं.

हा प्रकार ज्यांना अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वैमानिक वर्तुळाच्या मध्यभागी हँडल धरून उभा राहतो. हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या आतल्या, म्हणजे वैमानिकाकडच्या, पंखापर्यंत जातात. मनगट वर-खाली केलं की पंखातला बेलक्रँक, म्हणजे तारांची ओढ शेपटीकडे नेणारा खटका, फिरतो आणि शेपटीची मागची हलती पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, हलतो. स्टंट विमानात त्याच्यासोबत पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅपही हलतात, एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली. रेडिओ नाही, रिमोट नाही. विमान काय करतंय ते थेट तळहाताला कळतं. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या जिम वॉकर यांनी ही पद्धत 'यू-कंट्रोल' नावाने लोकप्रिय केली, आणि आज तिच्या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 'एफ२बी' या वर्गात होतात. मी शिकले ती पुण्यात, कॉलेजात असताना, एनसीसीच्या एअर विंगमध्ये.

पुढे जे लिहिते आहे ते ३५ ते ४० नंबरच्या ग्लो, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचं, फ्लॅप असलेलं, ४८ ते ५२ इंच पंखांचं विमान धरून. तुमचं इलेक्ट्रिक असेल तर इंधन आणि टाकीचा भाग सोडा, बाकी सगळं तसंच लागू आहे.

आधी काटा

जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोलतात तितकं नाही, पण एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्याच. फिनिशिंगचा प्रत्येक टप्पा झाला की वजन करा आणि वहीत लिहा: तारीख, काय लावलं, किती वाढलं. या आकाराच्या विमानावर कागद, डोप (कागद तंग करणारं लॅकर), रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) सगळं मिळून १०० ते १२० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही मी स्वतःला घातलेली मर्यादा आहे. डोपचा हात दिल्या दिल्या काटा २० ग्रॅम जास्त दाखवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले ७-८ उरतात, कारण बाकीचा थिनर उडून गेलेला असतो. ओल्या विमानाचं वजन पाहून घाबरू नका. पण दोन दिवसांनीही आकडा उतरत असेल तर पुढचा हात देऊ नका. आत थिनर आहे, तो बाहेर येताना वरचा रंग सुरकुतणार.

शेपटीचं गणित एकदा स्वतः करून पाहा. गुरुत्वमध्यापासून शेपूट ६० सेंटिमीटर मागे आणि नाक २२ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवर चढवलेल्या १० ग्रॅम रंगासाठी नाकात २७ ग्रॅम शिसं लागतं. म्हणजे १० ग्रॅमचे ३७ झाले. माझ्या विमानांच्या शेपटीवर म्हणूनच लांबी नाही, पट्टे नाहीत, कागदावर डोपचे दोन हात आणि वर रंगाचा एकच पातळ हात.

लाकूड

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार द्या, २२० ने खरवड काढा, ३२० ने शेवट करा. कागद कधीही नुसत्या बोटांनी धरू नका. बाल्सा इतका मऊ असतो की बोटाच्या दाबाने खाच पडते, आणि ती खाच रंगानंतरच दिसते. सपाट लाकडी ठोकळ्याला कागद चिकटवा आणि लांब हात मारा. पंखाची पुढची कड दोन्ही बाजूंना सारखी गोल आहे ना, हे पुठ्ठ्याचा साचा कापून तपासा. एका पंखाची कड टोकदार आणि दुसऱ्याची बोथट राहिली, तर कोपऱ्यात विमान एका अंगावर कलंडतं आणि मग त्याचं कारण तुम्ही तारांमध्ये शोधत बसता.

खड्डे भरायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअरमध्ये टाल्कम पावडर कालवा, श्रीखंडाइतकं घट्ट. वाळलं की जवळजवळ सगळं घासून काढायचं, फक्त खड्ड्यात राहील तेवढं ठेवायचं. फर्निचरवाल्यांची लांबी इथे नको, ती जड असते.

आपल्याकडे बाल्सा सहज मिळत नाही आणि महाग पडतो, म्हणून कुणी काटेसावरीचं लाकूड वापरावं का असं विचारतं. सातपुड्याच्या पायथ्याला माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली दिसते ती काटेसावर खरंच बाल्साच्या कुळातली आहे. पण तिचं लाकूड बाल्साइतकं हलकं नाही. आकार शिकायला, साचे करायला ती वापरा, पंखासाठी नको.

कागद, डोप आणि आपली हवा

पंखाच्या उघड्या भागावर सिल्कस्पॅनसारखा तंतुमय कागद ओला करून ताणायचा आणि कडांना डोपने चिकटवायचा. वाळताना तो स्वतःच तंग होतो. लहान सरावाच्या विमानाला पतंगाचा कागद चालतो, या आकाराला तो फाटतो. डोप म्हणून मी लाकूड पॉलिशवाल्यांकडचं एनसी क्लिअर लॅकर वापरते, निम्म्याला निम्मा थिनर घालून. एनसी वाळल्यानंतरही महिनोन्महिने आकसत राहतं आणि पंख पिळून टाकतं. त्यासाठी १०० मिलिलिटरमागे एरंडेलाचे सात-आठ थेंब टाका, पापुद्रा लवचीक राहतो. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला एकाच दिवशी डोप द्या आणि वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर ठोकळ्यांच्या आधाराने दाबून ठेवा. आज वरून, उद्या खालून असं केलं तर केळीच्या पानासारखा वाक येतो.

आता हवेचं. खानदेशात डोप कधी लावायचं हा प्रश्न कसं लावायचं याच्याइतकाच मोठा आहे. श्रावणात मी एकदा पंख डोपला. बाहेर रिपरिप चालू होती. तासाभरात सगळा पृष्ठभाग ताकासारखा पांढरा पडला. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पापुद्र्यात अडकते. त्यावर पुन्हा रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रावण) मिसळलेला थिनर मारून ते निवळलं, पण दोन ठिकाणी कागद सुटला. जून ते सप्टेंबर डोपचं काम बंद ठेवा, त्या दिवसांत पंख घासा, बेलक्रँक बसवा, तारा गुंडाळा.

मे महिन्यात उलटं होतं. ४३-४४ अंशांत थिनर ब्रश टेकताच उडून जातो. फवारलं तर रंग वाटेतच वाळून पृष्ठभागावर भुकटी बसते, ब्रशने दिलं तर ओढ उमटते. पहाटे साडेपाच ते साडेसात एवढीच वेळ धरा, आणि थिनरमध्ये दहावा हिस्सा रिटार्डर घाला. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा, कापूस वेचणी चालू असते तेव्हाचा. हवा कोरडी, ऊन सौम्य. फक्त तेव्हा रस्त्याकडेला धूळ फार असते, म्हणून खोलीत आधी पाणी शिंपडा, अर्धा तास थांबा, मग डबा उघडा. पंखा लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या खोलीत देव्हाऱ्यातला दिवासुद्धा नको, थिनरची वाफ पेट घेते.

रंग

एनसी मिथेनॉलच्या इंधनाला टिकत नाही, विरघळून चिकट होतं. स्प्रे कॅनचे साधे रंगही टिकत नाहीत. म्हणून शेवटी वरून दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर मारायचा. तो गाड्या रंगवणाऱ्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे मिळतो. थोडासा सांगून विकत घ्या, किंवा त्यांच्याकडूनच एक पातळ हात मारून घ्या. पण तिथे उभं राहून सांगा की गाडीसारखा ओला, भरगच्च हात नको. ते सवयीने चकाकी येईपर्यंत मारतात आणि ४० ग्रॅम वाढतात. याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर घरी फवारू नका, मोकळ्या हवेत ब्रशने द्या.

रंग निवडताना आमचं आकाश डोळ्यासमोर आणा. मार्च ते मे ते निळं नसतं, धुळीने पांढुरकं असतं. पिवळा आणि फिकट निळा त्यात हरवतो. वरून गडद लाल किंवा भगवा आणि खालून पांढऱ्यावर दोन रुंद काळे पट्टे, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. पंखाची वरची आणि खालची बाजू एका नजरेत ओळखू आली पाहिजे, पुढे ट्रिमिंगला त्याचा उपयोग आहे. मात्र मोठ्या भागाला काळा किंवा गर्द निळा देऊ नका. उन्हात ठेवलेलं गडद विमान इतकं तापतं की कागदाऐवजी प्लास्टिकची फिल्म चढवली असेल तर ती सैल पडते आणि एनसीचा पंख पिळतो. एप्रिलमध्ये एक विमान मी बंद गाडीच्या मागच्या सीटवर दोन तास ठेवलं होतं. बाहेर काढलं तेव्हा बाहेरच्या पंखाची मागची कड अर्धा सेंटिमीटर वर उचललेली होती. किटलीच्या वाफेवर धरून उलटं पिळून ती सरळ केली, पण पूर्वीसारखी झाली नाही. मैदानावर विमानाला आधी सावली शोधा, मग स्वतःला.

रंगवण्याआधी बिजागऱ्यांच्या सांध्यात काडीने व्हॅसलीन लावा, म्हणजे रंग आत चिकटत नाही. रंग पूर्ण वाळल्यावर पुशरॉड (फ्लॅप आणि एलिव्हेटर हलवणाऱ्या काड्या) सोडवा आणि फ्लॅप, एलिव्हेटर हाताने वर करून सोडून द्या. स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजेत. अडखळत असतील तर उडवूच नका. सांधा घासा, पिन साफ करा. हवेत विमान वर-खाली हेलकावे खायला लागलं की नवशिके लगेच वजन हलवतात, आणि खरा दोष असतो रंगाने जाम झालेल्या बिजागरीत. शेवटी खालच्या बाजूने बिजागरीची फट पातळ पारदर्शक टेपने पूर्ण लांबीभर बुजवा. फ्लॅप पूर्ण वर-खाली होईल इतकी ढील ठेवून. फटीतून हवा सुटली तर दोन्ही बाजूंची उचल वेगवेगळी होते.

मैदानात जाण्याआधी टेबलावर

विमान टेबलावर ठेवा आणि मागून, पाच-सहा पावलांवरून बघा. पंख आणि शेपूट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एलिव्हेटर मध्यावर असताना दोन्ही फ्लॅप मध्यावर हवेत. हालचाल दोन्ही बाजूंना सारखी, एलिव्हेटर साधारण ३० अंश, फ्लॅप तेवढाच किंवा किंचित कमी.

रिकाम्या टाकीने तोल पाहा. पंखाची सरासरी रुंदी २३ सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साडेतीन ते चार सेंटिमीटरवर विमान दोन बोटांवर स्थिर राहावं. पहिल्या उड्डाणाला नाक थोडं जडच बरं. जड नाकाचं विमान आळशी असतं पण विश्वासू असतं. जड शेपटीचं विमान तुमच्या हाताच्या आधी वळतं.

बाहेरच्या पंखाच्या टोकात २५ ते ३० ग्रॅम वजन. आतल्या बाजूला तारांचा भार असतो, तो याने तोलला जातो. वजन डबीत घाला, झाकण स्क्रूने घट्ट करा. सुटलेलं शिसं गोफणगुंड्यासारखं जातं. आतल्या पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या दोन लीडआउट तारांचा मध्य गुरुत्वमध्याच्या दीड-दोन सेंटिमीटर मागे ठेवा, कारण हवेच्या रेट्याने तारा मागे वाकलेल्या असतात. तो पुढे-मागे सरकवता येईल अशी पट्टी बांधतानाच करून ठेवायला हवी. नसेल केली तर आता करा. इंजिन एखादा अंश बाहेरच्या दिशेला.

तारा ०.०१५ इंच जाडीच्या, सात पदरी, ६० फूट लांब. दोन्ही सारख्या लांबीच्या आहेत का ते खिळ्याला अडकवून ताणून पाहा. एकही मुरड चालणार नाही. मुरड पडलेली तार सरळ करून वापरू नका, फेकून द्या. लूप मारताना तारा एकमेकींवर पीळ खातात आणि त्या पिळातून घसरत राहायला हव्यात, म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर थिनरच्या बोळ्याने पुसा. इंधनातलं एरंडेल आणि काळी धूळ मिळून त्यांच्यावर खळ बसते.

आणि ताण चाचणी. विमान, तारा, हँडल सगळं जोडून, विमान मदतनीसाच्या (माझ्याकडे तो माझा भाचा) हातात बेलक्रँकच्या रेषेत धरायला देऊन, हँडल ताणकाट्याने वजनाच्या दसपट ओढायचं. १.२ किलोच्या विमानाला १२ किलो. ही चाचणी दर उड्डाणाच्या दिवशी, पहिल्या फेरीआधी. मी ती कधीही गाळत नाही.

जागा

वर्तुळाची त्रिज्या साधारण २० मीटर, त्याबाहेर सगळीकडे १० मीटर मोकळं. हरभरा निघालेलं शेत लांबून सपाट वाटतं, पण आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत चाक अडकतं आणि विमान नाकावर पडतं. मुरूम टाकलेलं शाळेचं मैदान सगळ्यात उत्तम. बोरी नदीच्या काठची वाळू नको, इंजिन वाळू खातं.

विजेच्या तारा दिसतात तिथे उडवायचं नाही. शेतपंपाची लाइन असो की उच्चदाबाचे मनोरे, ताराही पोलादी आणि हातही आपलाच. मी कमीत कमी १०० मीटर लांब राहते, आणि उच्चदाबाची लाइन असेल तर त्याहून लांब. वळवाचे ढग दाटले, लांब कुठे गडगडलं तरी तारा गुंडाळायच्या. विमानतळ किंवा धावपट्टीच्या आसपासही नको.

विमानाचा आवाज झाला की गावातली पोरं धावत येतात. "विमान उडी राहिनं!" अशी आरोळी ऐकली की समजायचं, पाच मिनिटांत पन्नास जण येणार. त्यांना हाकलू नका, पण चुन्याची फक्की मारून वर्तुळ आखा आणि सगळ्यांना बाहेर बसवा. एकालाच भाच्यासोबत पहारेकरी नेमा, बाकीचे त्याचं ऐकतात. मिथेनॉलचं इंधन पाण्यासारखं दिसतं, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि पेटलं तर दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. डबा कुलपात किंवा तुमच्या पायाशी, पाण्याच्या बाटलीत कधीच नाही.

पहिलं उड्डाण

पहाटेची, पानही न हलणारी वेळ निवडा. तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे आणि उन्हाळ्यात दहानंतर वारा सुटतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. हँडलची दोरी मनगटाला बांधा. वर हँडल धरल्यावर एलिव्हेटर वर जातो ना, हे तारा जोडल्यावर प्रत्यक्ष पाहा. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर विमान सोडल्याबरोबर जमिनीत जातं.

इंजिन श्रीमंत मिश्रणावर, म्हणजे जरा जास्त इंधनावर ठेवा. जमिनीवर ते भुरभुरत चाललं पाहिजे, किंचाळत नाही. नाक वर उचलून धरलं की आवाज चढला पाहिजे. विमान घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. वाऱ्याकडे पाठ केली की समोर जी बाजू येते तिथेच सगळ्या कसरती करायच्या, कारण तिथे वारा विमानाला बाहेर ढकलतो आणि तारा तंग ठेवतो. त्या बाजूच्या थोडं आधीपासून सोडा. "आत्या, सोडू?" असं भाचा विचारतो, मी हात वर करते, मगच त्याने सोडायचं.

पहिल्या टाकीत फक्त सरळ फेऱ्या, डोक्याच्या थोड्या वर. कसरत नाही. दोन गोष्टी बघा: ओढ आणि वेळ. भाच्याला पाच फेऱ्यांची वेळ मोजायला सांगा, २६ ते २७ सेकंद यावी. या वेगाला १.२ किलोचं विमान हाताला साधारण साडेतीन किलोने ओढतं. भरलेली दुधाची किटली ओढून धरल्यासारखं वाटतं. ओढ अचानक ढिली पडली, विशेषतः एखादा वावटळ मैदानात शिरला, तर पळत चार पावलं मागे या आणि हात छातीकडे ओढा.

ट्रिमिंगचा क्रम

एका वेळी एकच बदल. बदल वहीत लिहा, उडवा, परिणाम लिहा. दोन बदल एकत्र केले तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. क्रमही पाळा, कारण पुढची पायरी मागचीवर उभी असते.

आधी इंजिन. सरळ पाच फेऱ्यांची वेळ घ्या, मग उलटं उडवून पाच फेऱ्यांची. सरळ वेगवान आणि उलटं हळू येत असेल तर टाकी किंचित वर उचला. उलटं वेगवान असेल तर टाकी खाली घ्या. एकावेळी दीड-दोन मिलिमीटर. दोन्ही वेळा सारख्या येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण वेग वेगळा असताना बाकी काहीच खरं दिसत नाही. ज्यांना अजून उलटं उडवता येत नाही त्यांनी अनुभवी हातात हँडल द्यावं. यात कमीपणा काही नाही, मलाही पहिलं विमान दुसऱ्यानेच ट्रिम करून दिलं होतं.

मग पंखांची पातळी, आणि इथे घाई करू नका. विमान डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवर उडवा. जेवणाचं ताट आपल्याकडे कलतं केलं तर आतली भाजी दिसते, पलीकडे कलतं केलं तर ताटाचं बूड दिसतं. तसंच: आकाशाकडची बाजू दिसत असेल तर बाहेरचा पंख वर आहे, जमिनीकडची दिसत असेल तर बाहेरचा पंख खाली. वर-खाली वेगळे रंग दिले ते यासाठी. आता हेच उलट्या उड्डाणात बघा. सरळ आणि उलटं दोन्हीत बाहेरचा पंख खाली असेल तर टोकातलं वजन जास्त आहे, तीन-तीन ग्रॅम काढा. दोन्हीत वर असेल तर वजन कमी आहे, घाला. पण सरळ उडताना खाली आणि उलटं उडताना वर असा उलटापालटा येत असेल, तर दोष वजनाचा नाही, पंखात किंवा फ्लॅपमध्ये पीळ आहे. बाहेरच्या फ्लॅपच्या मागच्या कडेला पाच सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद प्लास्टिकची पट्टी टेपने लावा आणि ती अगदी थोडी खाली वाकवा. फरक नेमका दिसतो. सरळ उडताना बाहेरचा पंख वर असेल आणि उलटं खाली, तर पट्टी वर वाकवा. नवशिका पीळ असताना वजन काढत बसतो. मग सरळ उडताना पंख पातळीत दिसतात आणि उलटं उडताना तारा सुटतात. त्या एका चुकीत मी एक अख्खा हिवाळा घालवला आहे.

सरळ उड्डाण नीट झालं की कोपरे. जोरात वर खेचा आणि वळणाच्या क्षणी पंख पाहा. कोपऱ्यात बाहेरचा पंख झटकन खाली पडत असेल तर टोकाचं वजन अजून थोडं जास्त आहे. तो वर उडून विमान आत कलत असेल आणि ओढ कमी होत असेल तर वजन कमी पडतंय.

मग हँडल. आतला लूप घट्ट आणि बाहेरचा रुंद येतो, असं होत असेल तर आधी विमानाला हात लावू नका, हँडलवरच्या तारांची लांबी बदला. हात नैसर्गिक, मनगट सरळ असताना विमान पातळीत उडलं पाहिजे. विमान एकंदरीतच जास्त चपळ वाटत असेल तर हँडलवरचं दोन तारांमधलं अंतर कमी करा, आळशी वाटत असेल तर वाढवा. साधारण १० सेंटिमीटरपासून सुरुवात करा.

यानंतरच गुरुत्वमध्य. सरळ फेऱ्यांत विमान सतत वर-खाली शोधत राहत असेल आणि बिजागऱ्या मोकळ्या असतील, तर नाकात पाच ग्रॅम घाला. कोपरा सुरू व्हायला उशीर लावत असेल, हात पूर्ण दिल्यावरही वळण गोल येत असेल, तर नाकातलं वजन पाच ग्रॅम काढा. इथे हलक्या शेपटीचं फळ मिळतं: नाकात काढण्यासारखं वजन असेल तर एकंदर विमानच हलकं होतं.

सगळ्यात शेवटी लीडआउट. विमान डोक्यावरून जाताना ओढ कमी पडते का ते पाहा. फ्यूजलाज (विमानाचं धड) तारांना काटकोनात नसून नाक ठळक बाहेर वळलेलं दिसत असेल, तर लीडआउट तीन मिलिमीटर पुढे घ्या. नाक आत वळत असेल आणि ओढ मंद असेल तर मागे. वाऱ्याच्या दिवशी आणि बिनवाऱ्याच्या दिवशी ही जागा थोडी वेगळी लागते, दोन्ही वहीत लिहून ठेवा.

आणि ही सगळी ट्रिम जानेवारीत बसवली असेल तर मे महिन्यात पुन्हा तपासा. १२ अंशांच्या सकाळी जी हवा असते तिच्यापेक्षा ४२ अंशांची हवा साधारण नऊ टक्क्यांनी विरळ असते. पंखाला उचल कमी, प्रॉपला (प्रॉपेलरला) पकड कमी, इंजिनला हवा कमी. सकाळी सातला बसवलेली नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) साडेनऊला परत बसवावी लागते. जड विमानाला हे उन्हाळ्यात फार जाणवतं, ११९० ग्रॅमच्याला कमी.

उड्डाण संपलं की टाकी रिकामी करा, इंजिनमध्ये थोडं तेल टाकून प्रॉप चार वेळा फिरवा. विमान साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः बिजागरीच्या टेपच्या कडा, कारण एरंडेल तिथून आत शिरतं आणि टेप उचलतं. तारा रिळावर सैल गुंडाळा. पंख भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, दोरीने आढ्याला आडवा टांगा, पत्र्याच्या छपराखाली नाही.